पहिलाच हंगाम

विशाखाने मोबाइलवर फुटबॉल संघ चालवायचा खेळ घेतला आणि पहिल्याच हंगामात लीग जिंकली. खेळाडूंना अहमदपूरच्या शाळेत तिच्यासोबत खेळलेल्या मुलींची नावं दिली होती. दहावीनंतर त्या अकराजणी पुन्हा एका मैदानावर आल्याच नव्हत्या. पडद्यावर चषक झळकला, पण गळ्यात पडायला कोणी नव्हतं. तिने त्यांच्यातल्याच, जळकोटला दिलेल्या दिपालीला सहा वर्षांनी फोन लावला. "दिपे, आपण जिंकलो गं!" सगळं ऐकून दिपाली हसली. "मला कुठं खेळवलंस?" "गोलात. तुझ्यासारखी गोलकीपर कुठं हाय?" दिपाली म्हणाली, "तवाबी गोलातच होते. तुम्ही समद्या पुढं पळायच्या, मी एका जागी उभी. औंदा मला पुढं खेळव. हरलो तर हरलो." विशाखाने तिचं नाव सगळ्यात पुढे नेलं. पहिल्याच सामन्यात संघाने पाच गोल खाल्ले आणि एक मारला, दिपालीने.