पान्यावर पाय

"हे त्या पंक्चरवाल्याचं काम," नवरा खुर्चीतूनच म्हणाला. "गाढवानं चाकाचा बोल्ट तोडला. तुला जमायचं नाही, गॅरेजला सांग."

गाडी अंगणात जॅकवर होती आणि दुपारी मला आईला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. मी चाक आणि त्यामागचा ब्रेकचा ड्रम काढला, तुटका बोल्ट हातोडीनं मागे पाडला. नव्या बोल्टला वायसर घातले आणि नट फिरवत तो जागेवर ओढून घेतला. तेवढा वेळ साहेब चहा पीत 'नीट कर, नीट कर' म्हणत होते.

चाक चढवलं, गाडी खाली घेतली, नट आवळले. मग साहेब उठले. बायकांच्या हाताला जोर नसतो म्हणे! पाना लावून त्यांनी त्यावर पाय दिला, दरवेळी देतात तसाच, आणि वर एक उडी मारली.

कट्ट आवाज आला. नवाकोरा बोल्ट तुटून नटासकट फरशीवर पडला.

"माल हलका निघाला," साहेब म्हणाले.

मी पुन्हा जॅक लावला आणि पिशवीतून दुसरा बोल्ट काढला.

"दोन आणलेस?"

"दुकानदारानंही विचारलं, तुटलाय एकच ना? म्हटलं, हो, पण आमचे मालक घरी आहेत."