म्वेन्झीचा लाल शेरा

"चौथ्यांदा तेच," क्वांबोका पुटपुटली आणि तिने चष्मा टेबलावर ठेवला.

बाळंतपणाच्या रजेचे नवे नियम. पाठवणारा बारासा. समोरच्या पडद्यावर एकाखाली एक चार मेल, 'मागितल्याप्रमाणे पाठवतोय'पासून शब्द न् शब्द तेच.

नैरोबीतल्या त्या विमा कंपनीत क्वांबोका मनुष्यबळ विभागाची प्रमुख होती आणि बारासा तिचा मदतनीस अधिकारी. गेल्या वर्षी तिनेच हट्टाने 'म्वेन्झी' आणवली होती. म्वेन्झी म्हणजे सोबती. ही संगणकप्रणाली कर्मचाऱ्यांचे मेल वाचायची, बैठकांतलं बोलणं ऐकायची आणि कोण थकलंय, कोण खचलंय, कोण नोकरी सोडायच्या बेतात आहे ते आधीच सांगायची. फक्त नाव द्यायची नाही. ती अट क्वांबोकाचीच. "माणसाची अब्रू मशीनच्या हातात नको," असं तिने संचालकांना ठणकावलं होतं.

आज सकाळी म्वेन्झी उघडली, तर तिच्याच विभागावर लाल शेरा. 'एका व्यक्तीच्या बोलण्यात सतत पुनरावृत्ती. स्मरणशक्तीबद्दल शंका. डॉक्टरांना दाखवावे.'

तिच्या हाताखाली पाच माणसं. चौघं तिशीच्या आतली, तरतरीत. उरला बारासा.

ती आणि बारासा एकाच महिन्यात नोकरीला लागलेले. ती प्रमुख झाली तेव्हा कॅन्टीनमध्ये बाप्यांची कुजबुज चालली होती, बाईच्या हाताखाली काम करायचं म्हणून. बारासा आपली खुर्ची उचलून सरळ तिच्या टेबलाशी येऊन बसला होता. "मला चालतंय. तुम्हाला काय धाड भरलीय?" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला होता.

लाल शेरा संचालकांपर्यंत गेला, तर माणूस घरी बसणार. हा नियमही तिनेच लिहिलेला.

तिने बारासाला बोलावलं. तो चहाचे दोन कप घेऊनच आला.

"बस. जरा बोलायचंय."

तो बसला. तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

"बरा आहेस ना?"

"मी बराय, मॅडम."

"आणि नेकेसा? पोरीचं लग्न ठरलं की नाही?"

बारासाने कप खाली ठेवला. "झालं, मॅडम. ऑगस्टमध्ये. बुंगोमाला, गावीच."

"झालं? आणि मला बोलावलं नाहीस?"

त्याने कप पुन्हा उचलला. मग म्हणाला, "गडबडीत राहून गेलं. माफ करा."

क्वांबोकाला राग यायला हवा होता. पण तिला भडभडून आलं. नेकेसाचं बारसं तिच्या मांडीवर झालेलं. बारासा आणखी कुणालाही विसरला असता, तिला नाही.

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. "हे चार वेळा का पाठवलंस?"

"चुकून गेलं असेल."

"बारासा, म्वेन्झी म्हणतेय डॉक्टरांना दाखवावं. घाबरायचं काही नाही. मी येते ना सोबत."

तिला वाटलं होतं, तो उसळेल. चपाती लहान केली म्हणून कॅन्टीनवाल्याशी आठवडाभर भांडलेला माणूस हा. पण तो लगेच उठला. "चला," म्हणाला.

खाली गाडीपाशी येऊन तिने पर्स उलटीपालटी केली. किल्ली सापडेना. बारासाने ती आपल्या खिशातून काढली.

"माझी किल्ली तुझ्याकडे कशी?"

"टेबलावरून उचलली वाटतं. राहू द्या, मीच चालवतो."

ती शेजारच्या सीटवर बसली. त्याला आणखी ओशाळवाणं कशाला करायचं? न्गोंग रोडवर मटाटूवाले आपल्या खच्चून भरलेल्या मिनीबस आडव्यातिडव्या घुसवत होते, पण बारासाचे हात चाकावर स्थिर होते. ती त्या हातांकडे पाहत राहिली. अजून वेळ गेलेली नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

दवाखान्यात स्वागताची मुलगी तिला पाहताच उभी राहिली. "या मॅडम, डॉक्टर वाटच बघतायत."

ऑफिसातून कुणीतरी फोन केलेला दिसतोय, क्वांबोका मनात म्हणाली. पोरं हुशार आहेत आपली.

डॉक्टर गाथोनी चाळिशीची, शांत चेहऱ्याची बाई होती. बारासा काही सांगेल याची वाट न पाहता क्वांबोकानेच सुरुवात केली. चार मेल, लग्नाचं आमंत्रण, गाडीची किल्ली. बोलता बोलता तिने आवाज खाली आणला.

"डॉक्टर, याला घरी बसवा असं मात्र लिहू नका. हा माणूस कामावाचून मरेल. चुका झाल्या तर मी निस्तरेन. कुणाला कळूसुद्धा देणार नाही. मी आहे ना त्याच्यासोबत."

बारासाने मान फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

"बघा, हे असं," क्वांबोका हळहळली. "पूर्वी कधी रडला नाही हो हा."

डॉक्टरांनी काहीच लिहून घेतलं नव्हतं. त्या उठल्या, आपली खुर्ची ओढून क्वांबोकाच्या अगदी जवळ बसल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"मॅडम, आपण याआधी कधी भेटलोय?"

"छे! आज पहिल्यांदाच."

डॉक्टरांनी बारासाकडे पाहिलं. त्याने नुसती मान हलवली.

"मॅडम," डॉक्टर हळुवारपणे म्हणाल्या, "परवाही तुम्ही याच खुर्चीत बसून मला हेच सगळं सांगितलं होतंत."