पहिल्या गाण्याच्या आधी

बाबा उठले, खिडकी लावून आले आणि खुर्चीत टेकले. "हं, आता लाव," ते लेकीला म्हणाले.

लेकीने लॅपटॉपवर आईची अंगाई लावली. पहिली ओळ संपायच्या आत बाबांनी मान हलवली.

"हे नव्हे. आधी ती बोलते."

"बाबा, सीडीवर नुसती गाणी आहेत. बोलणं नाहीये कुठे."

"आहे. खिडकी लावा म्हणते. मग गाते."

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्या आवाजाची ही एकच सीडी, आणि ती वाजवणारा जुना प्लेअरही आता मुका झालेला. म्हणून तर तिने सगळी गाणी लॅपटॉपवर उतरवून घेतली होती. कालच भाऊ फोनवर म्हणाला होता, "नसलेलं ऐकू यायला लागलंय त्यांना. एकटं ठेवायचं की नाही, बघायला हवं आता."

"तुमची कुजबूज कळते मला," बाबा म्हणाले. "म्हाताऱ्याचं डोकं गंजलं, असंच ना?"

"तसं नाही हो बाबा."

"किती वेळात उतरवलीस गाणी?"

"दोन मिनिटांत. सगळ्यात वेगवान सॉफ्टवेअर आहे हे."

"दोन मिनिटांत! तुझ्या आईला नुसता घसा साफ करायला तेवढी लागायची."

लेकीला हसू आलं. हसता हसता तिने दुसरं सॉफ्टवेअर शोधायला घेतलं. नावाजलेली बरीच होती. कुणी ओरखड्यांवरून उडी मारून पुढे जाणारं, कुणी न वाचता आलेली जागा अंदाजाने भरून टाकणारं. आईच्या आवाजात अंदाजाचं ठिगळ तिला नको होतं. शेवटी एक सापडलं. दिसायला रुक्ष, चालीला कासव. पण अडलं की तीच जागा पुन्हा पुन्हा वाचणारं, दोन वाचनं जुळली तरच पुढे सरकणारं.

सीडी घरघरू लागली. खोलीत उकडायला लागलं, तशी लेकीने खिडकी उघडली.

"पीठ दळतंय की गाणं?" बाबांनी विचारलं.

ती उत्तर देणार, तोच पडद्यावर प्रश्न उमटला. पहिल्या गाण्याच्या आधी ध्वनी आहे, तोही उतरवायचा का? लेकीने तो प्रश्न पुन्हा वाचला.

"बाबा, तुम्ही त्या प्लेअरवर सीडी कशी लावायचात?"

"कशी म्हणजे? घालायची. गाणं सुरू झालं की मागे नेणारी कळ दाबून धरायची, पार अडेपर्यंत. मग सोडायची. सगळे तशीच लावतात."

"कुणीच तशी लावत नाही, बाबा."

"मग सगळे सुरुवात चुकवतात," बाबा म्हणाले.

लेकीने 'हो'वर बोट टेकवलं. घरघर चालू राहिली, थांबली. तिने आवाज मोठा केला.

आधी नुसती खरखर. मग खुर्ची सरकली. दूर कुठेतरी गाडीचा भोंगा वाजला. आणि मग अगदी जवळून, कानाशी वाकल्यासारखी, आई म्हणाली, "अहो, ती खिडकी लावा ना आधी. सगळा रस्ता येतोय गाण्यात."

लेकीचा जीव भांड्यात पडला, आणि डोळे भरून वाहू लागले. तिने फोन हातात घेतला, मग तो उलटा करून टेबलावर ठेवला. भावाला काय, मागाहूनही सांगता येईल.

उघडी खिडकी लावायला ती उठली, तसा बाबांनी हात आडवा केला.

"तू बस. मला सांगितलंय तिने."

ते हळूहळू खिडकीशी गेले. कडी बसली, रस्ता बाहेर राहिला, आणि आई गाऊ लागली.