जोथमचा पाइन

एनॉक पर्लीने हातमोजे न काढताच घराची जमीन मोजायला घेतली. गुडघे टेकून तो एकेका फळीवर पट्टी ठेवत होता. हल्डा सूअल दाराला पाठ लावून बघत होती. खोलीत मधोमध तिच्या बाबांची शवपेटी होती, प्रार्थनाघराच्या काळ्या कापडाने जमिनीपर्यंत झाकलेली.

न्यू हॅम्पशायरच्या त्या खेड्यात कायदा पोराटोरांनाही पाठ होता. फूटभराहून जाड पाइनचं झाड इंग्लंडच्या राजाचं, मग ते कुणाच्या का वावरात असेना. राजाच्या जहाजांना डोलकाठ्या लागत. एनॉक राजाचा वनरक्षक; त्याने कुऱ्हाडीचे तीन घाव बाणाच्या आकारात घातले, की झाड राजाचं झालं. जोथम सूअलच्या पाइनवरही घाव त्यानेच घातले होते. कुऱ्हाड धरायला मात्र त्याला जोथमनेच शिकवलं होतं.

"राजाने एकदा तरी पाणी घातलंय का याला?" जोथमने भर सभेत विचारलं होतं. दंड भरला नाही, हिवाळाभर तुरुंगात बसला, आणि खोकला घेऊन घरी आला. अंथरुणावरून त्याचं एकच मागणं होतं: मला माझ्याच झाडात पुरा.

मग गेल्या आठवड्यात एका सकाळी पाइनच्या जागी नुसता बुंधा उरला. आणि जोथमने डोळे मिटले त्याच्या दुसऱ्या दिवशी पायरीवर पेटी येऊन पडली होती. झाकण एका अखंड फळीचं, आतल्या अंगाला ते तीन घाव तसेच. लाकूड अजून ओलं होतं. हल्डाच्या बोटाला लागलेला चीक साबणानेही निघेना.

तिने सायलस सुताराला विचारलं. तो म्हणाला, मी नाही बुवा, आणि गालातल्या गालात हसला. ज्याला विचारावं तो असाच नाही म्हणून हसत होता. अशा गावात आपण जन्मलो, याने तिचा ऊर भरून आला होता.

पण कुणीतरी पोर्ट्समथला गव्हर्नरकडे चहाडी केली, आणि घरात फूटभराहून रुंद फळी कुठे आहे का ते तपासायचा एनॉकला हुकूम आला. आता त्याने कापड उचललं की संपलंच. पेटी जप्त होणार, बाबांना बाहेर काढणार.

एनॉक उठला आणि पेटीपाशी येऊन थांबला. त्याने टोपी काढली, कापडाला हात लावला नाही.

"इथे काही नाही, तसं कळवतो," तो म्हणाला. "काकांना खांदा देऊ का?"

दारात जमलेल्या माणसांत कुजबुज झाली. मयताला खांदेकऱ्यांना हातमोजे वाटायची जुनी रीत गावाने गेल्या शरदातच मोडली होती. मोजे विलायतेहून येत, आणि विलायती माल बंद म्हणजे बंद. तेव्हापासून गाव आपली माणसं उघड्या हातांनी नेत होतं. गावभर मोजे घालून फिरणारा एकटा एनॉक. आठवडाभर त्याने ते जेवतानाही उतरवले नव्हते.

"साहेबांच्या हातांना इथली हवा बाधते," सायलस म्हणाला. दोघे-तिघे हसले.

हल्डा पुढे झाली. भीती गेली होती. आता ती जोथमची लेक होती.

"मोजे काढ, एनॉक. मगच धर."

"राहू देत ना, हल्डा."

"नाही. बाबा राजापुढे वाकले नाहीत. राजाच्या हातांनी ते जाणार नाहीत."

एनॉकने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा दारातल्या माणसांकडे. मग एकेक बोट ओढत त्याने दोन्ही मोजे उतरवले.

त्याचे तळहात पाइनच्या चिकाने काळेभोर झाले होते.