शुक्रवारचं तेल

वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेलं इंधन डिझेलमध्ये मिसळलं की इंजिनाचा धूर किती कमी होतो, हे प्रयोगशाळेतल्या ताई एकट्याच मोजत असत. तेलासाठी त्यांनी फाटकावर पाटी लावली, आणि दर शुक्रवारी एक आजोबा बाटली घेऊन येऊ लागले.

"घरात सारखं तळण चालू असतं," ते सांगायचे. "नातवंडांना त्याशिवाय घास उतरत नाही. सून अगदी वैतागलीय." मग इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवून तासभर नातवंडांच्या खोड्या रंगवायचे.

तेल तपासलं तेव्हाच ताईंच्या लक्षात आलं होतं, की हे कढईत कधी पडलेलंच नाही. दुकानातून आणून बाटलीत ओतलेलं कोरं तेल होतं ते. तरी दर शुक्रवारी त्या बाटली ठेवून घेत.

आज आजोबांनी बाटली टेबलावर ठेवली आणि जरा चाचरत विचारलं, "अजून किती दिवस लागेल तेल?"

"बरेच दिवस. धूर काही मनासारखा कमी होत नाहीये," ताई म्हणाल्या आणि त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. "हं, मग धाकटीनं काय केलं?"

शेवटची चाचणी होऊन दोन महिने झाले होते. शुक्रवारी ताई इंजिन नुसतंच चालू करून ठेवत.