टिटवीच्या आईची रजा

"मोठ्या बाई, आज मला रजा पाहिजे होती," टिटवीची आई म्हणाली.

मुख्याध्यापिकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. टिटवीची आई काही शाळेत नोकरीला नव्हती. तिची जागा म्हणजे चौथीच्या वर्गाबाहेरचं लाकडी स्टूल. मुलीला फिट येते, त्यामुळे आई दिवसभर शाळेत बसली तरच मुलीला वर्गात घेऊ, असं मोठ्या बाईंनी पहिलीतच सांगून टाकलं होतं. सरकारी शाळा, नाव घातलं हेच खूप, असं समजून टिटवीच्या आईने हात जोडले, कारखान्यातलं शिलाई मशीन सोडलं आणि स्टूल धरलं. तिथे बसून ती हाताने शर्टांची काजं करायची. शिपाईमामा येता-जाता म्हणायचे, "टिटवीची आई, तुमची हजेरी माझ्यापेक्षा पक्की."

"रजा कसली?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"माझ्या बाबांचं ऑपरेशन आहे. आत न्यायच्या आधी मला एकदा बघायचं म्हणतायत."

"मग जा की. मुलीला घेऊन जा."

"तिची आज चाचणी आहे हो."

"मग कसं जमायचं?" मोठ्या बाईंचा आवाज काही कठोर नव्हता. "मी तरी काय करू? तिला काही झालं तर सगळे माझ्याच नावाने खडे फोडतील."

दाराच्या चौकटीला टेकून टिटवी उभी होती. दोन्ही वेण्यांच्या रिबिनी सुटलेल्या, तोंड मात्र चालू. "आई, तू जा ना. फिट आली की मला कुठे काय कळतं? तू असलीस काय आणि नसलीस काय!"

"गप गं, शहाणे," आई पुटपुटली.

वर्गबाई कपाटाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. चाचणीचे कागद घ्यायला आल्या होत्या त्या, आणि कागद कधीचेच हातात आले होते.

"तिच्या आईला असं बसवून ठेवता येत नाही आपल्याला," त्या कपाटाकडेच बघत म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

आता त्या वळल्या. "कायद्याने येत नाही. मुलीला फिट येते म्हणून तिला घरी धाडता येत नाही, आणि आई बसली तरच वर्गात घेऊ अशी अटही घालता येत नाही. तिच्याकडे बघायची सोय शाळेनेच करायची असते. प्रशिक्षणात सांगितलं होतं की. आपण दोघी शेजारीच बसलो होतो."

टिटवीची आई घाईने पुढे झाली. "राहू द्या हो बाई. माझ्यापायी तुमच्यात वाकडं नको. मी भावाला कळवते. बसते मी."

"कायदा मलाही पाठ आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "फिट आली की कायदा येणार आहे का तिचं डोकं धरायला?"

"नाही. मी येईन."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले.

"तुमच्या जबाबदारीवर," त्या म्हणाल्या.

"शाळेच्या," वर्गबाई हळू आवाजात म्हणाल्या.

मोठ्या बाई हो म्हणाल्या नाहीत. पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

टिटवी उड्या मारत वर्गात पळाली. व्हरांड्यात आल्यावर आईने घाईघाईने वर्गबाईंना सगळं सांगितलं. "कुशीवर वळवायचं. डोक्याखाली दप्तर सरकवायचं. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, कुणी कितीही सांगो. आणि शुद्धीवर आली की ती विचारते, मी काही बोलले का? तेव्हा नाही म्हणायचं. बोललेली असली तरी."

"बरं."

स्टुलाखालचं शर्टांचं गाठोडं तिने उचललं. दोन पावलं गेली आणि थांबली.

"बाई, हा कायदा नवीनच निघालाय का?"

वर्गबाईंना हो म्हणून टाकणं सोपं होतं. त्यांनी हातातले कागद सारखे केले.

"नाही."

"म्हणजे टिटवी पहिलीत होती, तेव्हाही होता?"

"होता."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

हा प्रश्न नव्हता. वर्गबाईंनी मान हलवली.

"बरं," टिटवीची आई म्हणाली. रागावल्यासारखी दिसली नाही. स्टुलामागच्या भिंतीकडे मात्र बघत राहिली. बसलेल्या बाईचं डोकं जिथे टेकतं, तिथे चुन्यावर तेलाचा काळपट डाग पडला होता, ताटलीएवढा. तिने तो कधी पाहिलाच नव्हता. तिची तर त्याच्याकडे पाठ असायची. ओढणीचं टोक ओलं करून तिने तो पुसायला घेतला. निघेना.

"भिंत खराब झाली हो माझ्यामुळे," ती म्हणाली, आणि गाठोडं काखेत मारून निघाली.

"आई!" वर्गाच्या खिडकीतून टिटवी ओरडली. "आजोबांना सांग, मला हातच्याची वजाबाकी येते!"

आईने हात वर केला. फाटकाशी पोचल्यावर सवयीने मागे वळून पाहिलं. वर्गात पोरांचा गोंगाट चालला होता, चाचणी अजून सुरू झाली नव्हती. वर्गबाई कागद स्टुलावर ठेवून आपल्या रुमालाने तो डाग घासत होत्या.