बंद शटरांसमोरची गर्दी

“गिऱ्हाईकं रविवारी मोजली,” कंपनीचा व्यवस्थापक साक्षीत म्हणाला.

बाईंनी हातातला कागद वर धरला. “म्हणजे रविवारी दुपारी माझ्या दुकानासमोरून साडेतीनशे गिऱ्हाईकं गेली, असं शाखा देताना कंपनीनं मला लिहून दिलं?”

“हो.”

“त्या रस्त्यावरची झाडून सगळी दुकानं रविवारी बंद असतात. मग ही साडेतीनशे माणसं शटरं बघायला आली होती?”

कोर्टात हशा पिकला. व्यवस्थापकानं एकदा मागच्या बाकाकडे पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

मागच्या बाकावरचे आजोबा थक्क होऊन ऐकत होते. भलेभले वकील त्यांनी ऐकले होते. असं कुणी ऐकलं नव्हतं.

बाई पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्तीनंतर फंडाची सगळी रक्कम घालून त्यांनी एका बड्या कंपनीची शाखा घेतली. लहान मुलांच्या बुटांचं दुकान. नाव कंपनीचं, माल कंपनीचा, नियमही तिचेच. दोन वर्षांत दुकान बसलं. कंपनीनं एका ओळीत कळवलं, ‘तुम्हाला विकता येत नाही.’ वकील परवडेना, तेव्हा कायद्याची पुस्तकं आणून बाई स्वतःच कंपनीविरुद्ध कोर्टात उभ्या राहिल्या.

आजोबा पहिल्यांदा आले ते सहज. नंतर त्यांनी एकही तारीख चुकवली नाही.

मधल्या सुट्टीत बाईंनी थर्मासमधला चहा त्यांच्यापुढे केला. “तुमची कुठली केस?”

“इथलीच. चाललीय आपली.”

“वकील बरा आहे ना?”

“महागडा आहे. पण तुमच्या पासंगाला पुरायचा नाही.” आजोबांनी चहा फुंकला. “धंदा आता मुलगा बघतो. घरी करमत नाही, म्हणून येतो. तो रविवार तुम्ही शोधलात कसा?”

“त्यात काय! उत्तर आधी ठरवून गणित मांडलं की एखादी पायरी चुकतेच. मुलांच्या वह्यांत उभं आयुष्य तेच तर बघितलं.”

आजोबांनी अर्धा चहा तसाच बाकावर ठेवला.

निकालाच्या दिवशी न्यायाधीश वीस मिनिटं वाचत होते. बाईंची सगळी गुंतवणूक, दुकानाचं भाडं आणि त्यावरचं व्याज कंपनीनं भरून द्यायचं होतं. बाई ताठ उभ्या होत्या.

“साहेब,” त्या हळूच म्हणाल्या, “ते आधीचं, माझ्या दुकान चालवण्याबद्दलचं वाक्य परत वाचाल?”

न्यायाधीशांनी पान उलटलं. “दुकान चालवण्यात वादीनं कोणतीही कसूर केलेली नाही.”

बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं डोळे टिपले. मागे आजोबा कधी उठून उभे राहिले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी बाईंना हात जोडले. “बाई, डोळ्यांचं पारणं फिटलं.”

“इतक्यात कसलं! आता वरच्या कोर्टात जातील. माझं वय सत्तरीला आलंय, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.”

“नाही जाणार.”

“तुम्हाला काय माहीत?”

तेवढ्यात कंपनीचे वकील फाइल सांभाळत, धापा टाकत आले आणि आजोबांपुढे अदबीनं झुकले.

“मालक, अपील तयार आहे. तुमची सही तेवढी द्या.”